सकाळच्या शिंका: आधी गादी बघा

ताई, तुम्ही विचारलंत तो त्रास माझ्या ओळखीचा: उठल्या उठल्या वीस-पंचवीस शिंका, नळ सोडल्यासारखं नाक, दहा वाजले की सगळं ठीक, आणि गोळी घेतली की दिवसभर पेंग. हे मी इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरात बारा वर्षं काढलंय. ताप नाही, पाणी पातळ, डोळे नि टाळू खाजते, म्हणजे ही साधी सर्दी नसावी. ॲलर्जीत शरीर एखाद्या निरुपद्रवी कणाला शत्रू समजून आयजीई नावाची प्रथिनं तयार ठेवतं. तोच कण पुन्हा नाकात गेला की हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि शिंका सुरू.

मी सगळं खापर कमाटीबागेतल्या झाडांवर फोडलं होतं. तीन वर्षं फिरणं बंद! मग लेकीकडे पंधरा दिवस राहिले, शिंका गायब. परत आले, एक रात्र घरी झोपले, पुन्हा तेच. बागेत तर मी पाऊलही टाकलं नव्हतं. सासूबाईंच्या वेळची कापसाची गादी गच्चीवर नेऊन काठीने झोडपली, तेव्हा उन्हात जो ढग उठला तो बघून मीच लाजले. (झोडपायचं काम दुसऱ्याला द्या. मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शिंका होत्या.)

त्या धुळीत डस्ट माईट नावाचे बारीक जीव राहतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या कातडीचा कोंडा खातात, हवेतली ओल शोषतात, म्हणून आपल्या बडोद्याचा पावसाळा त्यांना मानवतो. त्रास मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा, त्यामुळे नुसतं ऊन दाखवून भागत नाही, धुवावंच लागतं. चादरी, अभ्रे, गोधड्या दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. गादी-उशीला बारीक विणीचं, चेनवालं कव्हर. कोरडा झाडू बंद, ओलं पोतेरं. उदबत्तीची ॲलर्जी नसली तरी तिचा धूर सुजलेल्या नाकाला झोंबतोच.

जलनेतीने, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुऊन, मला आराम पडला: उकळून गार केलेलं अर्धा लिटर पाणी, साडेचार ग्रॅम मीठ. थेट नळाचं पाणी कधीही नाही. वाफेने घटकाभर बरं वाटतं, इतकंच.

माझ्या शिंका तीन-चारवर आल्या, शून्यावर नाही. धाप, छातीत घरघर, एकाच बाजूचं नाक बंद किंवा रक्त असेल तर घरगुती प्रयोग नकोत, डॉक्टर गाठा. दम्याचा पंप चालू असेल तर तो मनाने सोडू नका. पेंग न आणणाऱ्या गोळ्याही असतात, तेही विचारा.

दिवाळीला माळ्याची साफसफाई आता मुलगा करतो, मी खालून सूचना देते.