वाचकांचे प्रश्न : उच्चारसरावाची शब्दयादी आणि सॉफ्टवेअर

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा ‘क’ला ‘त’ म्हणतो. स्पीच थेरपिस्टनी घरी सराव घ्यायला सांगितला आहे. एका इंग्रजी ॲपवरून शब्दयादी काढून तिचं मराठी करून घेतलं, पण निम्म्या शब्दांत ‘क’च उरला नाही. मराठीसाठी काय वापरावं?

उत्तर : ‘कॅट’चं ‘मांजर’ झालं की अर्थ राहतो, ‘क’ जातो. म्हणून यादी मुळापासून मराठीतच करावी लागते. त्यासाठी खास ॲपची गरज नाही. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्कची साधी शीट पुरते.

मुलाच्या रोजच्या ओळखीचे चारशे-पाचशे शब्द पहिल्या रकान्यात भरा, एका ओळीत एकच. फिल्टरमध्ये ‘बिगिन्स विथ’ निवडून ‘क’ दिलात की कान, केस, काका असे शब्द निघतील. सोबत ‘क्रम’ आणि ‘क्षण’ही येतील, कारण संगणकाच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि ष. जोडाक्षरांचे शब्द सध्या बाजूला ठेवा. शेवटच्या ‘क’साठी ‘एंड्स विथ’ वापरा. ‘नाक’ आपण ‘नाक्’ असाच उच्चारतो, त्यामुळे इथे लेखन आणि उच्चार जुळतात; ‘चाकू’ यात येत नाही, कारण त्याच्या शेवटी उकाराचं चिन्ह वेगळं साठवलेलं असतं.

मधला ‘क’ मात्र हातानेच तपासावा लागतो. ‘माकड’ आपण मा-कड असं तोडतो आणि ‘बकरी’ बक-री असं. पहिल्यात ‘क’ अवयवाच्या, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, सुरुवातीला आहे, दुसऱ्यात शेवटी. मुलाच्या जिभेला ही दोन वेगळी कामं आहेत, पण सॉफ्टवेअरला दोन्ही सारखीच दिसतात. दुसऱ्या रकान्यात ही तोड लिहून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची चाळणी. ज्या शब्दात ‘त’ आहे तो सुरुवातीला घेऊच नका. ‘कात्री’ म्हणताना पुढचा ‘त’ आधीच्या ‘क’ला आपल्याकडे ओढतो आणि मूल ‘तात्री’ म्हणतं. तयार याद्यांमध्ये ही चूक फार दिसते, आणि मग मूल प्रयत्न करूनही हरतं. प्रत्येक जागेसाठी दहा शब्द पुरेत, तेही चित्र काढता येईल असे.

फक्त ‘क’ आणि ‘त’चाच फरक असलेल्या शब्दांच्या जोड्याही शीटच काढून देते. तिसऱ्या रकान्यात, ‘क’ असलेल्या शब्दांपुढे, ‘सबस्टिट्यूट’ या सूत्राने ‘क’च्या जागी ‘त’ घाला आणि तयार झालेला शब्द पहिल्या रकान्यात आहे का ते ‘काउंटइफ’ या सूत्राने पाहा. हाक-हात, कार-तार, वाक-वात अशा जोड्या सापडतील. चार-पाच चांगल्या जोड्या भरपूर झाल्या. दोन्ही चित्रं समोर ठेवा आणि मुलाला मागायला सांगा. ‘हाक’ हवी असताना तो ‘हात’ म्हणाला तर हाताचंच चित्र द्या. आवाज बदलला की वस्तू बदलते, हे त्याला तिथेच कळतं. कोणत्या जागेपासून सुरुवात करायची, हे मात्र थेरपिस्टना विचारूनच ठरवा.

प्रश्न : मी वाचाउपचाराची विद्यार्थिनी आहे. ‘म’ आणि ‘र’चे शब्द शोधताना काही सुटतात, काही नको ते येतात. असं का?

उत्तर : ‘म’च्या बाबतीत दोष अनुस्वाराचा आहे. ‘खांब’मध्ये म ऐकू येतो, पण लिहिलेला नसतो. ‘पंखा’त तोच टिंब ङ होतो, ‘घंटा’त ण. शीटमध्ये उच्चारासाठी वेगळा रकाना करून त्यात ‘खाम्ब’, ‘घण्टा’ असं लिहा आणि शोध त्या रकान्यात घ्या. ‘च’ आणि ‘ज’साठीही तोच रकाना कामी येईल: ‘चिमणी’तला च तालव्य (जीभ टाळूला लागून होणारा), ‘चोर’मधला दंततालव्य (जीभ दातांजवळ नेऊन होणारा). दुसऱ्या ‘च’खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन खूण ठेवा. नाहीतर एकाच यादीत दोन ध्वनी मिसळतात आणि प्रगती मोजता येत नाही.

‘र’चे शब्द सुटतात ते ‘दऱ्या’सारखे. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकदा ‘ऱ’ या वेगळ्या अक्षरापासून, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधाला दिसू शकतो. ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सगळीकडे एकच प्रकार करून घ्या. आणि ‘सूर्य’मधला रफार, ‘प्रकाश’मधला र, ‘रस’मधला र यांच्या याद्या वेगळ्या ठेवा.

प्रश्न : चॅटबॉटकडून यादी घेतली तर चालेल का?

उत्तर : कच्चा माल म्हणून चालेल. तो मजकुराचे तुकडे जुळवतो, आवाज ऐकत नाही. शेवटी ‘ळ’ असलेले शब्द मागितले तर ‘बाळ’, ‘माळ’सोबत ‘कावळा’ही येऊ शकतो. कधी मूल-मूळ, गाल-गाळ अशा खऱ्या जोड्यांमध्ये अर्थ नसलेला शब्दही घुसतो. प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणून पाहा, मगच यादीत घ्या. मुलाचं नाव, अहवाल किंवा आवाजाचं रेकॉर्डिंग तिथे टाकू नका. यादीसाठी ध्वनी, त्याची जागा आणि अवयवांची संख्या एवढंच सांगणं पुरतं.