वाचकांचे प्रश्न : टपाल कचेरीची भिंत

प्रश्न : आमच्या जुन्या चिऱ्यांच्या घरात पुढच्या खोलीत टपाल कचेरी आहे. दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला. आता पोपडे सुटतात, टपालाच्या पिशव्यांना ओल लागते. काय करावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : भाऊ, दोष चिऱ्याचा नाही. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो; पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. सिमेंटने त्याचे तोंडच बंद केले. आत अडकलेले पाणी क्षार घेऊन वर येते आणि लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, लागतो. आमच्या घरी मी तसाच गिलावा छिन्नीने उतरवला, तेव्हा आतला चिरा बोटाने भुगा होत होता. पाहून जीव कळवळला.

गिलावा हलक्या हाताने काढा. एक उन्हाळा भिंत उघडी ठेवा, घाई नको. मग चुन्याचाच गिलावा द्या, त्यावर चुन्याचीच सफेदी. पूर्वी आपल्याकडे शिंपले भाजूनच चुना करत. प्लास्टिक रंग अजिबात नको.

खिडकीत शिंपल्यांच्या चकत्या असतील, तर त्या काढून काच बसवू नका. तो दुधी उजेड काचेतून येत नाही. पणजीचे मुख्य टपाल कार्यालयही एकेकाळच्या तंबाखूच्या वखारीत आहे. जाल तेव्हा त्याच्या भिंतींची जाडी जरूर पाहा.

आणि हो, आधी कौले तपासा. गळके छप्पर असेल, तर भिंतीवरचा खर्च पाण्यात.