रेशीम ही अळीची लाळच ना? मग ती शेवटच्या दोन-तीन दिवसांतच का बाहेर येते?

तुम्ही विचारलंय की रेशीम ही लाळ असेल, तर अळी तीन-साडेतीन आठवडे पाला खाते तेव्हा ती लाळ असते कुठे. कुळाने ती लाळच आहे, कामाने नाही. बहुतेक कीटकांत खालच्या ओठाला जोडलेली ग्रंथींची जोडी लाळ बनवते. पतंगांच्या अळ्यांत त्याच जोडीने रेशमाचं काम घेतलं आणि लाळेचं काम जबड्याजवळच्या ग्रंथींकडे गेलं. त्यामुळे पाला ओला करणारी लाळ वेगळी आणि धागा वेगळा. शिवाय 'शेवटीच' हेही पूर्ण खरं नाही. प्रत्येक मोल्टला, म्हणजे कात टाकायला बसताना अळी पायाखाली बारीक जाळी विणते आणि तिला पाय अडकवून कात टाकते. बेडवरून मोल्टची अळी उचलताना जी किंचित ओढ लागते, ती याच जाळीची.

तुमचा प्रश्न वाचून उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं, कारण याच ग्रंथीवरून जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा-अमळनेर पट्ट्यात एक वाद झाला होता. खरिपातली 150 अंडीपुंजांची (एका मादीने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज) बॅच, दुबार, म्हणजे वर्षाला दोन पिढ्यांच्या जातीची. चौथा मोल्ट एकसारखा उठला आणि पाचवी, शेवटची अवस्था सुरू झाली, रोग नाही, पाला भरपूर. त्या अवस्थेच्या आठव्या दिवशी पश्चिमेकडच्या रॅकवरच्या अळ्या पिवळसर, पारदर्शक झाल्या, मान वर करून हलवायला लागल्या आणि चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चाळीवर गेल्या. पूर्वेकडच्या रॅकवरच्या नुसत्या खात राहिल्या. अकरावा दिवस उजाडला तरी खाणं चालूच. शेतकऱ्याचं वाक्य जसंच्या तसं: "आळ्या खातस, पन कोश करतस नही." शेडमध्ये जमलेल्या सगळ्यांनी निकाल दिला की अंडीपुंज खराब.

तो निकाल साफ चुकीचा होता. अंडीपुंज एक, चॉकी (लहान अळ्यांचं संगोपन) एक, शेड एक, हवा एक. फरक फक्त पाल्याच्या ओळींचा होता. पूर्वेच्या रॅकला तुतीच्या ज्या ओळींचा पाला जात होता, त्यांच्या बांधापलीकडे कपाशी होती आणि तिच्यावर पांढऱ्या माशीसाठी पायरीप्रॉक्सिफेनची फवारणी झाली होती. हे औषध कीटकांच्या बालसंप्रेरकाची, म्हणजे अळीला अळीच ठेवणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करतं. पांढऱ्या माशीची पिल्लं त्याने प्रौढ होत नाहीत, आणि रेशीम अळीच्या बाबतीत वाऱ्याने आलेला अंशही पुरतो. इटलीत 1990च्या सुमारास फळबागांतल्या फेनॉक्सिकार्ब या त्याच जातकुळीच्या औषधाने अळ्या कोषच करेनाशा झाल्या होत्या.

ग्रंथी कशी चालते हे कळलं की हे लगेच उलगडतं. रेशीमग्रंथीच्या पेशींची संख्या अंड्यातच ठरते. एका ग्रंथीत साधारण हजारभर पेशी, आणि पुढे एकही पेशी दुभागत नाही. त्या फक्त मोठ्या होतात आणि आतल्या डीएनएच्या प्रती वाढवत जातात, मागच्या भागात तर लाखोंच्या घरात. पाचव्या अवस्थेअखेर ग्रंथींचं वजन अळीच्या वजनाच्या साधारण पाव भागाला पोचतं. मागचा लांब, नागमोडी भाग फायब्रॉइन, म्हणजे धाग्याचं मूळ प्रथिन बनवतो. मधला जाड भाग ते साठवतो आणि त्यावर सेरिसिनचे, म्हणजे डिंकाचे थर चढवतो. पुढचा भाग केसासारखी नळी. दोन्ही बाजूंच्या नळ्या ओठाखाली एक होतात. कोषाच्या टरफलात सत्तर ते पंचाहत्तर टक्के फायब्रॉइन असतं, उरलेलं जवळजवळ सगळं सेरिसिन.

माल बनवणं आणि बाहेर काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अळी खाते तोवर माल बनत असतो. मोल्टच्या काळात फायब्रॉइनचं जनुक बंद होतं, अळी उठून खायला लागली की पुन्हा चालू. पाचव्या अवस्थेत बालसंप्रेरक खाली येतं, मग कात टाकवणारं एक्डायसोन वाढतं, अळी खाणं सोडते, पोट रिकामं करते आणि धागा काढते. बालसंप्रेरकाची नक्कल पाल्यातून रोज पोटात जात असेल तर ही वेळ येतच नाही.

त्या बॅचमधल्या अळ्या फाडून पाहिल्या तेव्हा हेच दिसलं. तुम्हालाही पाहता येईल. अळी दहा-पंधरा मिनिटं बर्फावर ठेवा. मेणाच्या ट्रेमध्ये पाठ वर करून टाचा, वर 0.75 टक्के मिठाचं पाणी घाला. साधं पाणी नको, पेशी फुगतात. बारीक कात्रीने शेपटीकडून डोक्याकडे पाठीच्या मधोमध कातडं कापा, टोक वर उचललेलं ठेवून. टोक खाली गेलं की आतडं फुटतं आणि हिरव्या चोथ्यात काहीच दिसत नाही. आतडं अलगद बाजूला केलं की दोन्ही अंगांना इंग्रजी एस आकारात दुमडलेला, काचेसारखा जाड भाग दिसेल. तो चिमट्याने ओढू नका, तुटतो. श्वासनलिकांचे पांढरे धागे कापत मोकळा करा. मग मुद्दाम तोडून चिकट गोळा चिमट्याने झटकन ताणा: हातातच तार निघते. मधल्या भागात साधारण पाव हिस्सा प्रथिन, बाकी पाणी. नळीत पाणी कमी होतं, ताण बसतो, रेणू एका रेषेत येतात आणि तार घट्ट होते. म्हणून अळी रेशीम 'थुंकत' नाही. टोक चिकटवून मान आठाच्या आकड्यात फिरवत ते ओढून काढते.

पूर्वेच्या रॅकवरच्या अळ्यांत मधला भाग गच्च भरलेला होता. कोठार भरलेलं, दार बंद. अंडीपुंज खराब असते तर पश्चिमेच्या रॅकवर कोष आले नसते.

हे फक्त रेशीम अळीपुरतं नाही. जळगावच्या पिकलेल्या केळीवर घोंगावणाऱ्या फळमाशीची अळी त्याच ग्रंथीत गोंद साठवते आणि कोषावस्थेला बसताना एकदम बाहेर टाकून सालीला चिकटते. तिथेही हुकूम एक्डायसोनचाच. 1960 मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या अळीला हे संप्रेरक टोचलं, तेव्हा लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर ठराविक ठिकाणी फुगवटे आले. संप्रेरक थेट जनुकं चालू करतं, हे त्यातून पुढे आलं. काम संपलं की ग्रंथी स्वतःच विरते. रेशीम अळीतही कोष पुरा झाल्यावर तेच होतं.

तुम्ही कपाशीच्या पट्ट्यात बॅच घेत असाल तर पाचव्या अवस्थेत बांधालगतच्या ओळींचा पाला घालूच नका. ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला याच अवस्थेत खाल्ला जातो, आणि घात इथेच होतो. पाला धुऊन भागत नाही. त्या ओळी छाटा आणि नवी फूट घ्या. कोणत्या रॅकला कोणत्या ओळीचा पाला गेला ते रोज वहीत लिहा. त्या वादात खरं काय ते अशाच वहीने ठरलं. कपाशीचा पंप तुतीला वापरू नका.

मात्र कोष न करणारी प्रत्येक अळी फवारणीचीच असं म्हणू नका. कातडी ताणून चकचकीत, सांधे सुजलेले आणि पाय कापल्यावर दुधासारखं रक्त आलं तर तो ग्रासरी हा विषाणूचा रोग. ओकारी, तडफड आणि आखडलेलं अंग म्हणजे दुसरं एखादं कीटकनाशक. ऑक्टोबर हिटमध्ये शेड तिशीच्या वर गेलं तरी कोष पातळ येतात. चंद्रिकेवर 24-25 अंश आणि 60-65 टक्के आर्द्रता लागते. बालसंप्रेरकाची नक्कल मुद्दाम वापरतातही: पाचव्या अवस्थेच्या 48 ते 72 तासांदरम्यान एकदाच, अगदी थोडी, म्हणजे अळी एखादा दिवस जास्त खाते आणि कोष जड होतो. त्या जादा दिवसाचा पाला शेतात उभा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.