युव्हायटिस वारंवार उलटत असेल, तर स्टिरॉइडचे थेंब सोडून द्यावेत का?

आपला प्रश्न असा आहे की, एकाच डोळ्यात युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह, पुनःपुन्हा उलटतो, प्रत्येक वेळी स्टिरॉइडचे थेंब सुरू करावे लागतात, या थेंबांनी मोतीबिंदू होतो असे घरची मंडळी बजावतात, तेव्हा थेंब सोडून दुसऱ्या एखाद्या उपायाने हा आजार कायमचा बरा करता येईल का. मी डॉक्टर नाही. मी भूकरमापक आहे आणि उजव्या डोळ्यात हाच आजार घेऊन बरीच वर्षे उन्हातान्हात मोजणीचे काम करतो आहे. माझे मत स्पष्ट आहे : थेंब स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, आणि ज्यांनी आपला डोळा स्लिट लॅम्पखाली (नेत्रतज्ज्ञांच्या डोळा तपासण्याच्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली) पाहिलेला नाही त्यांच्या सांगण्यावरून तर मुळीच बंद करू नयेत.

आपल्या प्रश्नातले घरच्यांविषयीचे वाक्य वाचून मला माझे थोरले बंधू आठवले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी हद्दीची मोजणी चालू असताना माझा डोळा लाल झाला. गावातल्या डॉक्टरांनी डोळे आले असे समजून प्रतिजैविकाचे थेंब दिले. डोळ्यातून चिकट स्राव येत नव्हता, पापण्या चिकटत नव्हत्या, खाजही नव्हती. लाली बुबुळाच्या कडेभोवती दाटली होती, उजेड सहन होत नव्हता आणि रात्री भुवईच्या वर खोलवर ठणका लागत असे. ही लक्षणे डोळे येण्याची नव्हेत, परंतु ते ओळखले जाईपर्यंत मौल्यवान दिवस निघून गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांनी तपासले, तेव्हा डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दाहाच्या पेशी तरंगत होत्या आणि बुबुळाचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला दोन जागी चिकटला होता. ॲट्रोपिनने बाहुली ताणली गेल्यावर एक जागा सुटली. दुसरी कायमची चिकटून राहिली. माझी उजवी बाहुली आजही गोल नाही.

सुरुवातीला प्रेडनिसोलोन ॲसिटेटचे एक टक्क्याचे थेंब जागेपणी दर तासाला घालायचे होते. हे औषध बाटलीच्या तळाशी बसते, त्यामुळे प्रत्येक वेळी बाटली नीट हलवावी लागते. दुसरे औषध घालायचे असेल तर मध्ये काही मिनिटे जाऊ द्यावी लागतात, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. ॲट्रोपिनमुळे जवळचे दिसेनासे झाले. नकाशावरचे आकडे मला सहकारी वाचून दाखवीत असे आणि मी मोजणी यंत्राला डावा डोळा लावून काम करीत असे. पांढऱ्या मुरमाड जमिनीवर दुपारचे ऊन पडले की काळा चष्मा आणि वर टोपी असूनही डोळा मिटला जाई. हा काळ ज्याने काढला आहे, तो औषध कंटाळून सोडणाऱ्या माणसाला दोष देणार नाही.

आठवड्याभरात लाली गेली आणि दादांनी आग्रह धरला की, आता डोळा पांढराशुभ्र दिसतो आहे, तेव्हा हे विष बंद कर. दादांच्या मनात स्टिरॉइडची धास्ती होती, आणि तिला आधारही होता. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि त्यांचे अंग सुजून हाडे ठिसूळ झाली होती. परंतु पोटात जाणारी गोळी आणि डोळ्यात पडणारा थेंब यांचे शरीरावरचे परिणाम सारखे नसतात, हे दादांना कधीही पटले नाही. त्यांनी मधाचा अंश असलेले कुठले तरी थेंब आणून माझ्या हाती ठेवले. मी ते घातले नाहीत. डोळ्याची लाली जाते तेव्हा आतला दाह गेलेला असतोच असे नाही. तो फक्त स्लिट लॅम्पखाली दिसतो, आणि पेशी शिल्लक असताना थेंब एकदम तोडले तर दाह दुप्पट जोराने परततो. म्हणूनच थेंब दिवसातून सहा वेळा, मग चार, मग तीन असे काही आठवड्यांत उतरवीत आणावे लागतात. मी ते तसेच उतरवले. दादांनी मात्र घरातल्या लग्नात चार नातेवाइकांसमोर सांगितले की, हा स्वतःच्या हाताने डोळा घालवतो आहे.

पुढे अनेक वेळा दाह उलटल्यानंतर त्या डोळ्यात मोतीबिंदू आला, आणि दादांना आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. तसे ते सिद्ध झालेले नाही. स्टिरॉइडमुळे भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू होतो हे खरे आहे. परंतु दीर्घकाळ धुमसणारा दाहही मोतीबिंदू करतो, आणि तो उपचाराविना सोडलेल्या डोळ्यातही होतो. डोळा किमान तीन महिने पूर्ण शांत ठेवून मग शस्त्रक्रिया करतात. माझीही तशीच केली आणि आज त्या डोळ्याने मी सातबाऱ्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचतो. मोतीबिंदू काढता येतो. दाहामुळे दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येऊन ती फार काळ राहिली, किंवा डोळ्यातला दाब वाढून दृष्टीची नस मेली, तर गेलेली नजर कोणीही परत आणू शकत नाही. दादांना थेंबांची भीती बाळगायचीच होती, तर ती या दाबाची बाळगायला हवी होती, कारण स्टिरॉइडच्या थेंबांनी काही लोकांचा दाब खरोखर वाढतो आणि त्यांना दुखतखुपत काहीच नाही. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा दाबाचा नेहमीचा पल्ला मानतात. थेंब चालू असेपर्यंत प्रत्येक भेटीत दाब मोजून घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा; डॉक्टर घाईत असतील तर आठवण करून द्या.

पूर्वीची माणसे स्टिरॉइडविना बरी होत नव्हती काय, हाही दादांचा एक ठेवणीतला प्रश्न असतो. कॉर्टिसोन हे स्टिरॉइड रुग्णांवर पहिल्यांदा १९४८ मध्ये संधिवातासाठी वापरले गेले आणि त्या कामाला १९५० चे नोबेल मिळाले. त्याआधी डोळ्याच्या या दाहावर टायफॉइडची लस शिरेतून टोचून मुद्दाम ताप आणीत असत, आणि एवढे करूनही कित्येकांचे डोळे जात. पूर्वीच्या काळाचा दाखला देणाऱ्यांनी हेही सांगावे.

आता कायमच्या बरे होण्याविषयी. युव्हायटिस हे एकाच आजाराचे नाव नाही, म्हणून आधी कारण शोधावे लागते. डोळ्याच्या पुढच्या भागात अचानक उठणाऱ्या दाहाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत एचएलए-बी२७ नावाचे जनुक सापडते. या जनुकाचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी, म्हणजे पाठीचा कणा ताठरवणाऱ्या संधिवाताशी, असलेला संबंध १९७३ मध्ये उजेडात आला. माझी कंबर सकाळी ताठलेली असे आणि चालल्या-फिरल्यावर सैल होत असे. मोटारसायकल आणि मोजणीची साखळी यांना घरचे सगळे दोष देत होते, पण रक्ताच्या तपासणीने आणि कण्याचा तळ कटीच्या हाडाला जिथे जोडतो त्या सांध्याच्या एमआरआयने निराळेच सांगितले. आपली कंबर विश्रांतीने अधिक दुखत असेल आणि हालचालीने बरी वाटत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. आपल्या देशात क्षयरोग हे या दाहाचे मोठे कारण आहे, त्यामुळे छातीचा एक्स-रे आणि मांटू चाचणी (क्षयासाठी त्वचेत टोचून करतात ती) टाळू नका. तिथे मूळ उपचार क्षयाचा असतो. बऱ्याच रुग्णांत कसून शोधूनही कारण सापडत नाही आणि तरीही उपचार करावेच लागतात.

थेंब थांबवल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाह परतत असेल, तर त्याला जुनाट म्हणतात आणि अशा वेळी केवळ थेंबांवर रेटत राहणे योग्य नाही, इतके दादांचे म्हणणे मी मान्य करतो. मात्र त्यावरचा पर्याय मध किंवा गुलाबपाणी नाही. जे द्रव निर्जंतुक नाही, ते दाह झालेल्या डोळ्यात घालणे मला सरळ धोक्याचे वाटते. पर्याय आहे तो मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफेनोलेटसारख्या, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधांचा. या दोहोंची तुलना करणारा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मदुराई आणि कोइंबतूरच्या अरविंद रुग्णालयांतले रुग्णही होते, आणि एकूण पाहता मायकोफेनोलेट सरस ठरले नाही. मेथोट्रेक्सेट पुष्कळच स्वस्त आहे. त्याने भागले नाही तर ॲडालिमुमॅबचे इंजेक्शन असते; त्याची भारतीय आवृत्ती २०१४ च्या अखेरीपासून मिळते, तरीही ते सामान्य घराला जड जाते, आणि ते सुरू करण्यापूर्वी लपलेला क्षय नाही याची खात्री करावी लागते. माझ्या घरी मेथोट्रेक्सेटलाही विरोध झाला, कारण दादांनी ते कर्करोगाचे औषध असल्याचे कोणाकडून तरी ऐकले होते. मात्रा तिथल्याहून फार कमी असते, एवढेच त्यावर सांगता येते. ते सुरू झाल्यापासून माझा डोळा दीर्घकाळ शांत राहू लागला.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहितो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जीव जाऊ शकतो, म्हणून वार ठरवून घरातल्या दुसऱ्या व्यक्तीलाही सांगून ठेवा. यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या ठरल्या वेळी करा, दारू टाळा, आणि अपत्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. तसेच, माझ्या म्हणण्याचा अर्थ असा घेऊ नका की डोळा लाल झाला की कपाटातली जुनी बाटली काढून थेंब घालावेत. नागिणीच्या जातीच्या विषाणूंनी पारपटलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) जखम झालेली असेल, तर एकट्या स्टिरॉइडने ती पसरते आणि नजर जाऊ शकते. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय हे थेंब घेणे म्हणूनच अक्षम्य आहे. लहान मुलांच्या संधिवातात डोळा लाल न होता, न दुखता आतून बिघडत जातो, तेव्हा घरात असे मूल असेल तर तक्रार नसतानाही त्याचे डोळे नियमित तपासून घ्या.

आपल्या घरच्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांना विनंती करा की, दाहाच्या पेशींची प्रतवारी आणि दाबाचा आकडा त्यांच्यासमोर मोठ्याने सांगावा, शिवाय थेंब कमी करण्याचा तक्ता कागदावर लिहून द्यावा. मी दादांना पुष्कळदा बोलावले आणि ते एकदाही आले नाहीत. जो माणूस आकडा ऐकायलाही येत नाही, त्याचा सल्ला डोळ्याच्या बाबतीत घेण्याचे कारण मला आजही दिसत नाही.