मामाकडे जाऊन ये

नाशिक, फेब्रुवारी २०२६

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईघाईत, आणि दुसऱ्यांदा सकाळी गोदाकाठी, गाडगे महाराज पुलाजवळच्या पायऱ्यांवर बसून. तू लिहिलंस, "काका, राजकारणाने माझा मामा माझ्यापासून तोडला. आता मला ते घरात नको, फोनमध्ये नको, डोक्यात नको." बातम्यांची ॲप काढून टाकलीस, यंदा १५ जानेवारीला महापालिकेच्या मतदानालाही गेली नाहीस, आणि आता मला विचारतेस की हे बरोबर केलं ना.

नाही, मला ते बरोबर वाटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या आणि मामाच्या भांडणाचं. तुला ते राजकारणाचं भांडण वाटतं. मला ते कांद्याचं वाटतं. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री केंद्राने कांदा निर्यातबंदीचा आदेश काढला. दुसऱ्या दिवशी लासलगावात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. त्याच संध्याकाळी तू घरच्या ग्रुपवर एका चॅनेलची क्लिप टाकलीस, 'कांदा आता आवाक्यात', आणि खाली लिहिलंस, "बरं झालं, आता तरी परवडेल." तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, ते मला माहीत आहे. महिनाअखेरीला घरखर्च सांभाळणाऱ्या कुणालाही तसंच वाटलं असतं. पण तेव्हा मामाची ट्रॉली मार्केटमध्ये भरलेली उभी होती, आणि त्या ट्रॉलीत लाल कांदा होता.

आता हा फरक कुठल्या चर्चेत तुला कुणी सांगितला? उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने ठेवता येतो, भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही. काढला की विकायचा, मिळेल त्या भावाने. म्हणजे डिसेंबरातली बंदी ज्याच्या डोक्यावर पडते, त्याला थांबायचीसुद्धा सोय नसते. त्याआधी ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं होतंच. मामाने चिडून तुला जे लिहिलं, "तुम्ही शहरातली माणसं", ते कुठल्या पक्षाचं वाक्य नव्हतं. तू उत्तर देताना ते पक्षाचं केलंस, मग त्यानेही केलं, आणि पुढे सगळी 'तुमचे' आणि 'आमचे' अशी भाषा झाली. बंदी ४ मे २०२४ ला उठली, शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं. तुमचा अबोला मात्र चालूच आहे. मामेबहिणीच्या साखरपुड्यालाही तू गेली नाहीस.

यात माझ्या धंद्याचाही वाटा आहे आणि तो मला तुझ्यापासून लपवायचा नाही. तीस वर्षं मी पेपरच्या संपादकीय डेस्कवर होतो, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. रात्री दीडला शेवटचं पान सोडायचं, त्यामुळे हेडिंगला मिळायची दोन मिनिटं. कांद्याचा भाव चढला की बोटं आपोआप 'कांद्याने केला वांदा' असं लिहायची. किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. आई निफाडची. माहेरी द्राक्षं आणि कांदा. एकदा सकाळी ते पान माझ्यासमोर धरून तिने एवढंच विचारलं, "कोणाचा वांदा रे?"

मी काय उत्तर देणार! भाव चढला की कॅमेरा भाजीबाजारात जातो, पिशवी घेतलेल्या बाईला विचारतो. भाव पडला की तो कॅमेरा लासलगावच्या आवारात क्वचित येतो, आणि आला तरी रस्त्यावर कांदा ओतलेला दिसला तरच. दोन्हींच्या मध्ये जे असतं ते कुणी दाखवत नाही. म्हणजे रोपं टाकणं, लागवड, रात्रीच्या पाळीची वीज आली की थंडीत उठून पाणी भरायला जाणं. यात कुणी खोटं दाखवतं असं नाही. भाजीबाजारातली ती बाईही खरीच असते. पण खाणाऱ्याच्या बाजूने बघितलेला भाव रोज दाखवला की पिकवणारा आपल्या घरातला असूनही परका वाटायला लागतो. तुझं तेच झालं.

आता माझं सांगतो. हे मी फार थोड्या लोकांना सांगितलंय.

निवृत्त झाल्यावर मला वाटलं, आता शांतपणे बातम्या बघता येतील. रोज रात्री आठ ते दहा टीव्हीसमोर. आई शेजारच्या खुर्चीवर. ती मध्येमध्ये बोलायची, मी 'हं' म्हणायचो, नजर पडद्यावर. दिवाळीत ती पणती ठेवायला ओट्याकडे गेली आणि डावीकडच्या चौकटीवर आदळली. कपाळाला टेंगूळ आलं. दवाखान्यात नेलं, तपासणी झाली, काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की यात आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शाबूत असतं, त्यामुळे कळायला उशीर होतो. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची. मी आईला विचारलं, "अगं, बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "आषाढापासून सांगतेय. तुला रोज सांगितलं. तू हं म्हणायचास."

आषाढापासून दिवाळीपर्यंत. त्या चार महिन्यांत मी जितक्या चर्चा पाहिल्या, त्यातलं एक वाक्य मला आज आठवत नाही. कोण कुणावर ओरडत होतं तेही नाही. आणि त्यातली एकही गोष्ट माझ्या पाहण्याने तसूभर हलली नसती. शेजारच्या खुर्चीवरची मात्र हलली असती. पोरी, आपल्यापाशी पैसा कमी-जास्त होतो, वेळही कसाबसा काढता येतो, पण लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी देता येतं. मी ते कुठे दिलं याचा हिशेब मला दिवसातून दोनदा आईच्या डोळ्यांत थेंब घालताना द्यावा लागतो.

हे वाचून तू म्हणशील, मग मीही तेच म्हणतेय ना, बंद करावं सगळं. इथेच मला तुझ्याशी वाद घालायचा आहे. माझी चूक राजकारणात लक्ष घातलं ही नव्हती. मी राजकारणाचा फक्त आवाज ऐकत बसलो, आणि जिथे हात पोचतो तिथलं राजकारण बघितलंच नाही.

आपल्याच शहराचं बघ. मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, हे राज्यघटनेत लिहिलेलं आहे. तरी जवळजवळ चार वर्षं आपल्याला नगरसेवक नव्हता, प्रशासक कारभार बघत होता. रस्ता खणला तर कुणाला फोन करायचा, पाण्याची वेळ बदलली तर कुणाला अडवायचं, काही नव्हतं. या चार वर्षांत दिल्ली-मुंबईतल्या कोणत्या आमदाराने कोणता गट धरला ते मला तोंडपाठ होतं. पण माझ्या प्रभागाचा प्रतिनिधी नाही, याची चीड मला एकाही रात्री आली नाही. आणि एवढ्या काळानंतर जानेवारीत मतदान आलं तेव्हा तू घरी बसलीस. याचं मला खरंच वाईट वाटलं. तू रोज कंपनीत जाताना नासर्डी ओलांडतेस. तिला आता नंदिनी म्हणतात, पण नाव बदललं म्हणून वास गेलेला नाही. त्या नाल्यासारख्या झालेल्या नदीचं काय करायचं ते ठरवणारी माणसं त्या दिवशी निवडली गेली.

अजून वेळ गेलेली नाही. एक कर. माहिती अधिकाराचा एक अर्ज लिही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. नासर्डीच्या सफाईवर गेल्या दोन वर्षांत कोणती कामं काढली, किती बिलं निघाली, एवढंच विचार. विषय एकच ठेव आणि भाषा साधी ठेव. उत्तर अर्धवट आलं तर अपील कर. वर्षभर चर्चा बघून जे कळणार नाही ते त्या एका कागदावरून कळेल. कुंभमेळा तोंडावर आहे, शहरभर खोदकाम चाललंय, पैसा येतोय. विचारणारी माणसं आत्ताच हवीत. कुंभातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा तू बघितलंस ना, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं तिथे एकत्र उभी राहिली. राजकारणाचं हेही रूप आहे, आणि तेही याच शहरातलं.

आणखी एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ६ मार्च २०१८ ला आपल्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा मुंबईला निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण इकडची आदिवासी माणसं, बायका, म्हातारी माणसं. मागणी वनहक्काच्या जमिनीची, कर्जमाफीची. सुमारे १८० किलोमीटर पायी. पहिले काही दिवस मोठ्या चॅनेलांना त्यात बातमी दिसली नाही. मग त्या पायांचे फोटो आले, चपला झिजलेल्या, तळव्यांची सालं निघालेली, आणि सगळे धावले. ११ तारखेला मोर्चा मुंबईत सायनच्या सोमय्या मैदानात पोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना रस्ता मोकळा मिळावा म्हणून ही माणसं रात्रीच उठली आणि अंधारात चालत आझाद मैदानात गेली. पाच दिवस चाललेल्या त्या पायांनी रात्रीची झोप सोडली, ती कुणा अनोळखी मुलांच्या परीक्षेसाठी. १२ तारखेला सरकारने लेखी आश्वासन दिलं. ते पुरतं पाळलं गेलं नाही, म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि मार्च २०२३ मध्ये त्यांना पुन्हा निघावं लागलं. पहिल्या वेळचे फोटो सगळ्यांना आठवतात. पुढच्या दोन वेळा निघाल्याचं विचार, फार थोड्यांना सांगता येईल. बातमी संपली की आपल्याला प्रश्न संपल्यासारखा वाटतो. त्या माणसांना तसं वाटून चालत नाही.

म्हणून बातम्या सोड असं मी म्हणणार नाही. सकाळी एक पेपर वाच, पहिल्या पानापासून नको, आतल्या जिल्ह्याच्या पानापासून. तिथे एखादा तालुक्याचा वार्ताहर, ज्याला महिन्याकाठी जेमतेम पेट्रोलचे पैसे सुटतात, चार ओळी पाठवतो, आणि पुष्कळदा त्या चार ओळींत खरी बातमी असते. निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या उमेदवाराचं भरभरून कौतुक वाचलंस तर तोच मजकूर दुसऱ्या पेपरात शब्दशः आहे का ते बघ. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी असंच पेपर शेजारी शेजारी ठेवून दाखवलं होतं, की पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमी म्हणून वाचकाच्या हातात दिला गेला. त्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही, दोन पेपर आणि थोडी चिकाटी लागते.

आणि फोनवर आलेलं काहीही पुढे पाठवण्याआधी गोदावरीच्या पात्रातली ती दुतोंड्या मारुतीची मूर्ती आठव. दर पावसाळ्यात कुणीतरी २०१९ चा किंवा २०१६ चा पुराचा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरवतं आणि निम्मं शहर घाबरतं. जुना नाशिककर काय करतो? नदीवर जातो आणि पाणी मारुतीच्या कुठवर आलंय ते बघतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला. आमच्या डेस्कवरसुद्धा पुराच्या रात्री कितीही फोन आले तरी तिथे उभ्या असलेल्या वार्ताहराला विचारूनच हेडिंग ठरायचं. ती क्लिप टाकण्याआधी तू मामाला एक फोन केला असतास, "मामा, तुझी ट्रॉली कुठाय?" म्हणून, तर पुढचं काही झालंच नसतं.

तर आता जा. येत्या रविवारी नको, रविवारी मार्केट बंद असतं. कंपनीतून एक दिवस रजा काढ आणि सकाळीच लासलगावला पोच. मामाला आधी कळवू नकोस, तो नको म्हणेल. आवारात ट्रॉल्यांच्या रांगेत त्याला शोध. व्यापारी ट्रॉलीभोवती जमतात, मूठभर कांदे उचलून बघतात, आणि काही सेकंदांत भाव पुकारून पुढे सरकतात. तीन-चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल तेवढ्यात लागतो. त्या वेळी नुसती त्याच्या शेजारी उभी राहा. माफी मागायची तर नंतर माग, घरी मामीच्या हातचा चहा झाल्यावर. तो एखाद्या पक्षाला शिव्या देईल, देऊ दे. तुला पटत नसेल तर तसं सांग, पण वजनाची पावती हातात घेऊन त्याच्याकडून नीट समजावून घेतल्यावर सांग. कुणाला मत द्यायचं हे तुमचं वेगळं असेल आणि वेगळंच राहील, त्याने मामा-भाचीच्या नात्याला काही होत नाही.

रात्री राहा तिथे. सध्या उन्हाळ कांदा शेतात उभा आहे, रात्रीच्या विजेची पाळी असेल तर बॅटरी घेऊन त्याच्याबरोबर पाण्यावर जा.

परत आलीस की घरी ये. आईला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, मामाच्या ट्रॉलीतले चार लाल कांदे तिच्यासाठी आण. तिला आता कडेचं दिसत नाही, पण कांदा हातात घेऊन मान दाबून बघितली की तो किती दिवस टिकेल ते ती अजून सांगते.

तुझा,
काका