केळशीची वाळूची टेकडी

प्रश्न : काकू, नाताळच्या सुट्टीत आम्ही दापोलीला जातोय. जैसलमेरचे फोटो पाहिल्यापासून माझा नऊ वर्षांचा मुलगा ‘वाळूचा डोंगर बघायचाच’ म्हणून हटून बसलाय. कोकणात असं काही आहे का? आणि मुलांना त्यावरून घसरगुंडी खेळू दिली तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आहे की! दापोलीहून आंजर्ल्यामार्गे केळशीला जा. महालक्ष्मीचं देऊळ बघून झालं की किनाऱ्याने भारजा नदीच्या मुखाकडे चालायला लागा. तिथे खाडीजवळ वाळूची टेकडी आहे. दुमजली घर सहज झाकलं जाईल एवढी ती उंच आहे. मुलगा हरखून जाईल.

घसरगुंडी मात्र नको. मीही किनाऱ्यावरच वाढले आणि लहानपणी आमच्या वाडीमागच्या वाळूच्या उंचवट्यावरून पोफळीच्या विरीवर बसून शेकडो वेळा घसरले, म्हणून हे जरा कळकळीने सांगते.

ही टेकडी तयार कशी होते, ते मुलाला तिथेच दाखवा. ओहोटीला पुळण उघडी पडते, उन्हाने वरची वाळू सुटी होते आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की कण उड्या मारत जमिनीकडे निघतात. गुडघ्यावर बसून बघितलं तर पावलाच्या घोट्याएवढ्या उंचीवर वाळूचा धूर सरकताना दिसतो. त्याच्या वाटेत काही आडवं आलं की कण तिथेच पडतात. हे आडवं येण्याचं काम करते मर्यादवेल. तिची पानं आपट्यासारखी टोकाला दुभंगलेली, फुलं जांभळट गुलाबी. एक फांदी हळूच उचलून बघा, उपटू नका. प्रत्येक पेरातून मूळ सुटलेलं दिसेल. वाळूखाली गाडली गेली की ती पुन्हा वर येते, पुन्हा वाळू अडवते. अशा वर्षानुवर्षांच्या खेळातून उंचवटा उभा राहतो. दहा मुलं एकाच जागेवरून घसरली की वेल तुटते, तिथे खळगा पडतो, वारा त्या खळग्यात शिरतो आणि तो रुंदावत जातो.

पावसाळ्यात उधाणाच्या लाटा याच उंचवट्याचा पायथा कापतात. ती वाळू किनाऱ्यालगत पाण्याखाली बांधासारखी साचते आणि मोठ्या लाटा तिच्यावरच फुटतात. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. शिवाय पावसाचं गोडं पाणी या वाळूत मुरून राहतं आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर नारळीपोफळीच्या बागा आणि गोड्या विहिरी असतात, त्यात या वाळूचा मोठा वाटा आहे. आमच्या वाडीमागचा उंचवटा एका लॉजसाठी सपाट केला. तिसऱ्या वर्षी वैशाखात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं. माझी आई त्या दिवशी कळशी तशीच रहाटाजवळ ठेवून किती तरी वेळ बसून राहिली होती. त्या विहिरीवर नंतर कधी डाळ शिजली नाही. वाळूचे असे उंचवटे सपाट करायला किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी बंदी आहे, हे गावागावांत माहीत व्हायला हवं असं मला फार वाटतं.

केळशीच्या टेकडीची आणखी एक गोष्ट मुलाला नक्की सांगा. खाडीवरच्या पुलाच्या कामात ती कापली गेली आणि आतले थर उघडे पडले. त्यांत खापरं, हाडं असे माणसांच्या वस्तीचे अवशेष मिळाले. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी त्यांचा अभ्यास करून मांडलं की जुन्या त्सुनामीच्या या खुणा असाव्यात. 1524 मध्ये वास्को द गामाची जहाजं दाभोळजवळ असताना समुद्र हादरल्याची नोंद पोर्तुगीज बखरकारांनी केली आहे, तिच्याशी त्यांनी याचा संबंध जोडला. दाभोळ तिथून फार लांब नाही. नऊ वर्षांच्या मुलाला घसरगुंडीपेक्षा हे जास्त दिवस लक्षात राहील.

आता वेळेचं. भरतीची वेळ आमच्याकडे तिथीवरून काढतात : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीनला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. त्यामुळे चतुर्थीच्या आसपासची सकाळ धरा, ओल्या पुळणीवरून चालणं सोपं जातं. तरी गावात विचारूनच निघा, आणि खाडीच्या तोंडाशी मुलांना पाण्यात अजिबात उतरवू नका, तिथे ओढ असते. गाडी पुळणीवर नेऊ नका. त्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

प्रश्न : आमच्या गावातल्या तरुण मंडळाला किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडावर सुरूची झाडं लावायची आहेत. लावावीत का?
— एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर : टेकाडावर नको. सुरूच्या काड्यांचा जाड थर साचला की खाली दुसरं काही उगवत नाही, मर्यादवेलही मागे हटते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दिवेआगरची सुरूची झाडं कशी मुळासकट आडवी झाली, ते तुमच्या तालुक्याने पाहिलंय. मंडळाच्या मुलांना पावसाच्या तोंडावर मर्यादवेलीच्या हातभर फांद्या तोडून आणायला सांगा, पण एका जागेवरून फार नकोत. दोन-तीन पेरं वाळूत जातील अशा बेताने त्या आडव्या पुरायच्या. मागच्या बाजूला केवडा लावा. आणि गुरं व माणसं जायला टेकाडाच्या कडेने एकच पायवाट ठेवा. तिच्या दोन्ही बाजूंना बांबू ठोकून काथ्याची दोरी बांधलीत तरी पुरे.