स्पॅमच्या नादात गिऱ्हाईकच गायब!

प्रश्न : सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, मेल स्वतःच्या डोमेनचा. लॉटरी-लोनचे मेल लई यायचे म्हणून पोरानं सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) स्पॅमअसॅसिनचा, म्हणजे स्पॅम गाळणाऱ्या फिल्टरचा, स्कोअर 5 चा 2 केला. कचरा थांबला, पण आता बाहेरच्या इन्क्वायऱ्याच दिसेनात, एक बायर तर फोनवर म्हणाला दोनदा मेल टाकला. पैसे भरून दुसरा फिल्टर घ्यावा का?

उत्तर : थांबा हो, पैसे नंतर. आधी तिथंच ऑटो-डिलीट, म्हणजे स्पॅम आपोआप पुसणं, चालू आहे का बघा, असेल तर बंद करा, कारण त्यात गेलेला मेल कुठल्याच फोल्डरला राहत नाही. त्याऐवजी स्पॅम बॉक्स, म्हणजे स्पॅमचा वेगळा फोल्डर, चालू ठेवा. मग स्कोअर परत 5.

हा फिल्टर प्रत्येक मेलला वेगवेगळ्या नियमांनी मार्क देतो, बेरीज तुमच्या आकड्याला टेकली की मेल स्पॅम, म्हणजे आकडा खाली आणला की चाळणी बारीक. नुसता टॉवेलचा फोटो, खाली दोन शब्द ‘रेट सांगा’, सब्जेक्ट सगळा कॅपिटलमध्ये, असल्या गोष्टींना थोडे थोडे मार्क पडतात आणि खरा बायरसुद्धा 2 च्या वर जाऊ शकतो. स्पॅममध्ये अडकलेल्या मेलचा सोर्स (मेलमागचा मूळ मजकूर) उघडा, एक्स-स्पॅम-स्टेटस अशी ओळ असते, मार्क किती पडले, कुठल्या नियमानं पडले, सगळं तिथं लिहिलेलं असतं. पोराला ही ओळ वाचायला शिकवा, आकडा अंदाजानं फिरवत बसण्यापेक्षा बरं.

जुन्या पार्ट्यांचे पत्ते व्हाइटलिस्टला (हे स्पॅम नाहीत अशी यादी) टाका, पण एकेक पत्ता, पूर्ण जीमेल डॉट कॉम नको! लोक हमखास टाकतात आणि मग जीमेलवरचा सगळा कचरा सरळ आत.

होस्टिंगवाल्याला विचारा बेझ, म्हणजे फिल्टरचा शिकणारा भाग, चालू आहे का. मेल बघून बघून तो शिकतो, पण डिफॉल्टला किमान 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल शिकल्याशिवाय कामालाच लागत नाही, आणि चांगलेही दाखवायचे असतात हे कुणाच्या ध्यानातच नसतं. सुताच्या भावाचं न्यूजलेटर तुम्हीच घेतलेलं असेल तर ते स्पॅममध्ये ढकलू नका, अनसबस्क्राइब करा.

एवढं करून नाहीच जमलं तर वेगळा फिल्टर घेण्यापेक्षा मेलच गूगल वर्कस्पेसवर न्या, फिल्टर त्यातच येतो. पण स्पॅम तिथंही बघावाच लागतो, 30 दिवसांनी आपोआप उडतो. आणि त्या बायरला आजच फोन करून मेल परत मागवा, ऑटो-डिलीट चालू होतं तर आधीचे दोन्ही गेले म्हणून समजा.